शर्यतीच्या फिल्मवर फुटलेला नारळ

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. आकाराने पत्त्यांच्या कॅटाएवढी. माझ्या अंगावर अजून विभूतीचे तीन पट्टे आहेत, म्हणून मला कुणी फेकत नाही. चालू मात्र मी होत नाही.

मला विकत घेतलं सोलापुरातल्या संगमेशने. तो लग्नांचं शूटिंग करतो. पहिली दोन वर्षं माझ्या पोटात नुसत्या अक्षता पडल्या. मग एके दिवशी त्याने सगळी लग्नं पुसली आणि म्हणाला, "आता तुझ्यात दानेश्वरी ठेवायची."

दानेश्वरी दुधनीची. मातीच्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या चालवते. संगमेशला तिच्यावर माहितीपट करायचा होता. लग्नाच्या तारखा सांभाळत तीन वर्षं तो तिच्यामागे फिरला. उलटलेली गाडी, हेल्मेटमधून ओघळणारा घाम, हरल्यावर एकटीने खाल्लेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, सगळं माझ्याकडे होतं. कॅमेऱ्यातली कार्डं तर कधीच पुसून पुढच्या लग्नांना गेली होती.

तिचे वडील वीरभद्रप्पा आडत व्यापारी. त्यांनी लेकीची एकही शर्यत पाहिली नव्हती. "तिनं गाडी पळवायची, आन् आमी टाळ्या वाजवायच्या व्हय?" असं म्हणायचे. बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का, निघालीस का' एवढंच. पण माझ्यातल्या फिल्मच्या शेवटच्या मिनिटात, तिचा पहिला नंबर आल्यावर, संगमेश विचारतो, "गाडी कुणी शिकवली?" ती चाकाला टेकून म्हणते, "अप्पांनी. मालाच्या टेम्पोत मांडीवर बसवून. स्टेअरिंग माझ्या हातात सोडायचे. त्यांना वाटतं, मी विसरले."

हे ती त्यांच्या तोंडावर कधीच बोलली नसती. त्यासाठीच तर मी होते.

दसऱ्याला संगमेशच्या दुकानात येऊन फिल्म बघायला अप्पा कसेबसे तयार झाले. आदल्या दिवशी खंडेनवमी. संगमेशने कॅमेरे, लाइट, ट्रायपॉड पूजेला मांडले. मीही त्यांच्यात, कॉम्प्युटरला जोडलेली, चालू. माझी दुसरी प्रत काढायची असं तो आठ महिने नुसतं म्हणत होता. पूजेला मात्र त्याला भरपूर वेळ होता. विभूती झाली, झेंडू झाला. मग शेजारच्या दगडावर नारळ फुटला. अर्धं पाणी वाटीत गेलं, अर्धं माझ्यात.

दुसऱ्या दिवशी वीरभद्रप्पा इस्त्रीचं धोतर नेसून दानेश्वरीबरोबर आले. पडदा काळाच.

"एनप्पा, काय रे संगमेश, पिच्चरला बोलावलास की!"

"अप्पा, काल ते... पूजेत पाणी गेलं."

"पूजेनं बिघडलं? लई भक्ती झाली म्हणायची!" ते हसले. मग लेकीकडे न बघताच विचारलं, "काय होतं गं त्यात?"

मी जीव तोडून ओरडले. बाहेर नुसती टकटक ऐकू आली.

दानेश्वरी म्हणाली, "काय न्हाय अप्पा. गाड्याच पळत होत्या."

"तेच म्हटलं," म्हणत ते उठले.

मला पुण्यालाही नेऊन दाखवलं. उपयोग झाला नाही. दर खंडेनवमीला संगमेश अजून मला फूल वाहतो. असा संताप होतो म्हणून सांगू! आठ महिन्यांतला एक तास दिला असता, तर फुलाची गरज नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ओवाळत बसू नका, आधी दुसरी प्रत काढा. आणि घरच्या माणसाला सांगायचं एखादं वाक्य असेल, तर ते माझ्या भरवशावर ठेवू नका. माझ्या पोटात दानेश्वरी अजून चाकाला टेकून "अप्पांनी" म्हणते आहे, आणि ऐकायला एकटी मी आहे.