‘सर्वांसाठी खुले’ कपाटाचं कुलूप

मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, स्वतःच्या मनाने उघडलेलं कुलूप जगात एकच झालं. ते मी.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, एखादी तिजोरी मिळेल. मिळालं कपाट! तेही संशोधनाला पैसे देणाऱ्या एका परिषदेचं. तिथल्या शहाण्यांनी धोरण काढलं होतं : आमच्या पैशातून झालेलं संशोधन सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. प्रत्येक संशोधकाने लेखाची प्रत कपाटात ठेवायची. कपाटावर ठळक रंगवलं, ‘सर्वांसाठी खुले’. आणि त्या अक्षरांखाली मला लटकवलं! कारण धोरणाच्या शेपटीला बारीक अक्षरांत होतं : छापणाऱ्यांचा धंदा बुडू नये म्हणून पहिलं वर्ष लेख बंद. पाहुणे आले की साहेब पाटी दाखवत आणि पाठीने मला झाकत. असल्या माणसांच्या दारी गंजायचीसुद्धा लाज वाटे.

एकदा दूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आली. तिच्या वॉर्डात तान्ही बाळं तापाने फणफणलेली. नेमका त्याच तापावरच्या औषधाचा लेख माझ्याआड. तो लेख छापणारं महागडं मासिक घेण्याची दवाखान्याची ऐपत नव्हती. लेख लिहिणारीला फोन केला, तर ती रडकुंडीला आली. “ताई, मी लेखातलं आधीच सांगितलं तर परिषद माझे पुढचे पैसे बंद करेल हो!”

“वर्ष संपलं की या,” कारकून मान खाली घालून म्हणाला.

“तापाला सांगू का तसं, जरा दम धर म्हणून? किल्ली कुठंय?”

“साहेबांच्या खिशात. साहेब भाषणाला गेलेत.”

“कसलं भाषण?”

“ज्ञान खुलं कसं करावं, त्याचं.”

मित्रांनो, मला स्वतःचीच अशी किळस आली, की डोळे मिटले, श्वास कोंडला आणि खटकन आपणहून उघडलो! डॉक्टरीण लेख घेऊन धावत सुटली. बाळं वाचली. परिषदेनेही मग लगेच सुधारणा केली : कुलूप बदललं. आता मी किल्लीसोबत खणात पडून असतो. म्हणून सांगतो, बाळांनो, कुलपांना तेल घाला, त्यांना जपा. त्यांना मन असतं. परिषदांना मात्र...

“काका, थापा पुरे!” किल्ली शेजारून किंचाळली. “आपणहून उघडलात, तर तुमची कडी मधोमध कापलेली कशी? आणि ती करवत कारकुनाच्याच...”

“हळू बोल, बये! तो अजून इथंच नोकरीला आहे.”