छोटं चाक

माझी थोरली बहीण अवकाशातल्या वसाहतींचे आराखडे काढायची. दहा हजार माणसांसाठी तिनं एक प्रचंड चाक आखलं होतं. ते मिनिटाला एकदा संथपणे फिरणार आणि त्या फिरण्यामुळेच आतल्या माणसांचे पाय जमिनीवर टिकणार.

तिच्या साहेबांनी नकाशा पाहिला न पाहिला आणि म्हणाले, "एवढं अवाढव्य कशाला? छोटं करा."

"मग पाय जमिनीवर टिकवायला त्याला मिनिटाला सहा फेऱ्या माराव्या लागतील, सर. माणसांना गरगरेल."

"माणसं कुरकुरतातच हो."

ताई वाद घालत बसली नाही. कार्यालयात चाचणीसाठी एक फिरती खोली होती. तिनं साहेबांना आदरानं तिथे नेऊन बसवलं आणि फक्त मान वळवू नका, असं बजावलं. फोन वाजला. साहेबांसारख्या मोठ्या माणसाला फोन न घेऊन कसं चालेल? ते खिशाकडे वळले आणि सकाळचा नाश्ता त्यांच्याच टायवर आला.

दहा मिनिटांनी ते भिंत धरून बाहेर पडले. ताईनं पाणी दिलं.

"आता काय करायचं, सर?"

"छोटंच करा. आठवड्यात सवय होते लोकांना."

"तुम्हाला आठवडाभर बसवून बघू का?"

"मला कशाला? मी थोडाच तिथे राहायला जाणार आहे?"

छोटं चाक एकमतानं मंजूर झालं. ताईनं राजीनामा दिला. हल्ली ती गावोगावच्या पाण्याच्या टाक्या आखते आणि रात्री शांत झोपते.