शिवांजलीला पुस्तक पाठ होतं

शिवांजली त्या शाळेची शान होती. उमरग्याजवळच्या मुरुमहून ओढ्याच्या अंगानं आत गेलं की एक लहानसं गाव लागतं, तिथली ही जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या दोन, शिक्षकही दोन. सव्वीस जानेवारीला सरपंच आले की शिवांजलीला पुढं उभं करायचं, हे ठरलेलं. ती हात मागं बांधायची आणि मराठीच्या पुस्तकातला अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवायची. कान्याची, वेलांटीचीही चूक व्हायची नाही. तिचे वडील शिवकुमार रोज मोटारसायकलवरून मुरुमला दूध घालायला जायचे. डेअरीवर भेटेल त्याला ते सांगायचे, "आमची पोरगी पयल्या नंबरची हाय."

तो पहिला नंबर प्रीती मॅडमनी दिला होता. प्रीती उमरग्याची. वडील बुद्धघोष पोस्टात होते आणि त्यांच्या घरात पुस्तकं कपाटात नव्हे, हातात असायची. शिवांजली तिसरीपासून प्रीतीच्याच वर्गात होती.

यंदा ती चौथीत गेली आणि अभ्यासक्रमच बदलला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं, पाठांतर मोजू नका, मुलाला स्वतःहून काय करता येतं ते बघा. पुस्तकाबाहेरचा उतारा द्या, त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न विचारा. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत होते, पण प्रीतीला ते मनापासून पटलं. मुलं धडा म्हणतात आणि धड्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं, हे तिला कधीपासून खटकत होतं.

तिनं नव्या पद्धतीची पहिली चाचणी घेतली. प्रत्येकाला वेगळा कागद, प्रत्येकाचा उतारा वेगळा. एकेकानं उठायचं आणि वाचायचं. वर्गातल्या समर्थनं अडखळत का होईना वाचलं. शिवांजली उठली, कागदाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "घसा बसलाय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे दुखत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोट. शेवटी मधल्या सुट्टीत प्रीतीनं तिला व्हरांड्यात जवळ बसवलं.

"वाच बघू. इथं कोणी नाही."

शिवांजलीच्या नाकावर घाम आला. "तुमी एकदा वाचा की, मॅडम. एकदाच. मग मी म्हणते."

प्रीतीनं वाचून दाखवलं. विहिरीतल्या कासवाची गोष्ट होती. शिवांजलीनं कागद हातात घेतला आणि सगळी गोष्ट म्हटली, प्रीती जिथं थांबली होती तिथंच थांबत. प्रीतीनं मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला शब्द?"

शिवांजली पहिल्यापासून पुटपुटू लागली. एकेक शब्द म्हणत ती बोट पुढं सरकवत होती, पण बोट एकीकडं आणि शब्द दुसरीकडं गेले. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुकलं. मग कागद खाली ठेवून तिनं प्रीतीचा पदर धरला.

"मॅडम, जुनंच पुस्तक राहू द्या ना. मी सगळं पाठ करते. लई पाठ करते."

 आता प्रीतीच्या एकेक गोष्ट ध्यानात येत होती. ही पोरगी कधीच पहिल्यांदा वाचत नसे. "आधी समर्थला वाचू द्या," म्हणायची, आणि ते समजूतदारपणाचं वाटायचं. लेखी पेपराला शेजारच्याचं बघून उतरवायची. तिचं सुंदर अक्षर म्हणजे नुसतं चित्र होतं. इतकी वर्षं तिनं एक अक्षरही न वाचता शाळा केली होती, आणि त्यासाठी केवढे कष्ट उपसले होते!

त्या दिवसापासून प्रीतीनं जे सुचेल ते केलं. वाळूत अक्षरं गिरवून घेतली. पिठाची अक्षरं केली. टाळ्या वाजवून शब्द फोडले. शिवांजली जीव तोडून करायची. आज तिला म आणि भ वेगळे दिसायचे, उद्या दोन्ही सारखेच. घ आणि ध तर कधीच हाती लागले नाहीत. अक्षर चुकलं की ती स्वतःच्याच हातावर पट्टी मारून घ्यायची. प्रीतीनं पट्टी काढून घेतली, तर नखांनी हात ओरबाडायची.

गोष्ट वर्गात फुटलीच. पोरं तिला पोपट म्हणू लागली. ती मैदानातून चालली की कोणीतरी मागून शीळ घालायचं.

मुख्याध्यापक कृष्णराज सर पहिली-दुसरी शिकवायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचे आणि पट कमी झाला तर शाळा दुसऱ्या शाळेत मिळवतील या काळजीत असायचे. एक दिवस त्यांनी प्रीतीला बोलावलं. प्रत्येक मुलाचा टप्पा मोबाईलवर भरायचा होता, आणि पाठोपाठ तपासणीचं पथक येणार होतं.

"शिवांजलीला प्रगत लिहा," ते म्हणाले.

"सर, तिला वाचता येत नाही."

"मला ठाऊक आहे. पण या शाळेचं नाव तिच्यावर आहे. पथकासमोर कुणाला उभं करणार तुम्ही?"

"प्रगत लिहिलं तर तिला मदत कोण देईल?"

"आणि खरं लिहिलं तर देणार आहेत का?"

 अशा मुलांसाठी तालुक्याला एक खास शिक्षिका होत्या. त्यांची बदली झाली होती आणि जागा रिकामीच होती. प्रीतीनं इतक्या वेळा फोन केला होता की समोरचा माणूस आता तिचा आवाज ओळखायचा आणि आधीच "नाही, मॅडम" म्हणायचा.

तरी तिनं खरं तेच भरलं. वाचन : प्रारंभिक. पडद्यावर पुढचे रकाने उघडलेच नाहीत. आकलन, विचार, सांगणं, सगळं बंद. वाचता येत नाही म्हणजे पुढचं काही विचारायचंच नाही, अशी त्याची रचना होती. तसंच अर्धं कोरं प्रगतिपत्रक छापून शिवांजलीच्या घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकुमार दुधाच्या कॅनसकट शाळेत आले. गाडीवरून न उतरताच विचारलं, "मॅडम, प्रारंभिक म्हंजे काय?"

"सुरुवात, भाऊ."

"चौथीत सुरुवात? पयला नंबर तुमीच दिलाव की. आमी काय मागाय आलो हुतो का?"

"चूक माझी झाली. मला दिसलंच नाही."

"तुमची चूक झाली, मग पोरीनं काय करावं?" त्यांचा आवाज फुटला. "डेअरीवर मी तोंड वर करून सांगत हुतो. आता पोपट म्हणत्यात तिला, माझ्यादेखत. न्हाय डोकं तर न्हाय म्हणा. शेळ्या राखंल."

गाडी निघून गेली. शिवांजली शाळेत यायची बंद झाली.

चारदोन दिवस वाट बघून प्रीती शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेली. आई चन्नम्मा दारातच बसल्या होत्या. घरात त्यांचं बोलणं कानडी, पण प्रीतीशी मराठीत बोलायच्या. "जेवंना झालीय, मॅडम," त्या म्हणाल्या. "काल भिंतीवर डोकं आपटून घेतली. मी म्हणलं, अगं का? तर म्हणती, अव्वा, आत काय अडकलंय ते निघंल."

शिवांजली गोठ्यात पाठ करून बसली होती. प्रीती तिच्याजवळ जमिनीवर टेकली.

"मला नापास करा, मॅडम," पोरगी न वळताच म्हणाली. "नापास झाल्यावर मला कोण वाच म्हणणार न्हाय."

"आता कुणाला नापास करत नाहीत गं."

"मग कवा सुटणार मी?"

  प्रीतीनं पिशवीतून नवं पुस्तक काढलं आणि एक गोष्ट मोठ्यानं वाचू लागली. एका गावात बस थांबत नसते. लोक रस्त्याकडेला बाकडं बांधतात, म्हणजे तरी ड्रायव्हरला दिसेल. बस तरीही थांबत नाही. पण बाकडं कोणी काढत नाही. गोष्टीखाली प्रश्न होता : लोकांनी बाकडं का काढलं नाही?

वर्गात सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, कधीतरी बस थांबेल म्हणून. शिवांजली वळून बसली. मग म्हणाली, "बाकड्यावर बसून लोकं बोलायला लागली असतील. आधी गावात बसून बोलायला जागा नसंल. आता बस आली तर उठावं लागंल की."

प्रीती तिच्याकडं बघतच राहिली. दारात शिवकुमार कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"हे पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ. हे तिचं आहे. वर्गात एकालाही सुचलं नाही."

ते उंबऱ्यावर बसले. "मग वाचत का न्हाय?"

"मला माहीत नाही. तपासून घ्यावं लागेल."

प्रीतीनं रजा टाकली. शिवकुमारांनी दूध शेजाऱ्याच्या हवाली केलं आणि तिघं एसटीनं धाराशिवला गेले. तिथं अशा मुलांची तपासणी होते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खोली सापडली, पण दाराला कुलूप होतं. तपासणाऱ्या बाई महिन्यातून एखाद्या वेळी येतात, कधी ते नक्की नाही, असं शिपायानं सांगितलं. सोलापूरला जा, असंही तो म्हणाला. पायरीवर बसून तिघांनी घरून आणलेली भाकरी खाल्ली. 

परतीच्या गाडीत शिवांजलीनं विचारलं, "मॅडम, माझ्या डोळ्यांत काय हाय का डोक्यात?"

प्रीतीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. शिवकुमार मात्र पोरीला म्हणाले, "काय बी असू दे. उद्यापासून साळंत जा."

ती आली. शेवटच्या ओळीत, दाराजवळ बसायची. आणि त्याच आठवड्यात तपासणीचं पथक आलं.

साहेबांनी चौथीच्या वर्गावर नजर फिरवली. कृष्णराज सरांनी समर्थला पुढं केलं, पण साहेबांचं बोट शेवटच्या ओळीकडं गेलं. "ती मुलगी. हे वाच."

प्रीती पुढं झाली. "सर, हिला मी वाचून दाखवते, तुम्ही प्रश्न विचारा. ती—"

"मॅडम, आम्हाला वाचन बघायचंय."

शिवांजलीनं कागद घेतला. तिचे ओठ हलले. आता ही कुठलातरी जुना धडा म्हणू लागेल आणि सगळे हसतील, या भीतीनं प्रीतीनं डोळे मिटले.

"मला वाचाय येत न्हाय," शिवांजली म्हणाली. आवाज घोगरा होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "पयलीपासनं येत न्हाय. ऐकलं की सगळं येतंय. वाचलेलं येत न्हाय."

वर्गात कोणी हसलं नाही. कृष्णराज सरांनी मान खाली घातली. साहेबांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, काहीतरी टिपून घेतलं आणि पुढच्या मुलाकडं वळले.

पुढच्या आठवड्यात प्रीतीला नोटीस आली. चौथीतलं मूल पहिल्या टप्प्यावर कसं राहिलं, याचा लेखी खुलासा मागितला होता. तालुक्यातली जागा रिकामीच होती. सोलापूरला तपासणीसाठी पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली, आणि त्या दिवशीच्या दुधाची सोय शिवकुमारांनी आत्ताच लावून ठेवली.

खुलासा लिहायचा राहिला होता. प्रीती कोरा कागद घेऊन टेबलाशी बसली होती. कृष्णराज सर आपल्या खोलीतून आले आणि समोर बसले. म्हणाले, "माझीही सही घ्या खाली. पहिली-दुसरीला माझ्याच वर्गात होती ती."

पलीकडं सरांच्या खोलीत शिवांजली अक्षरं शिकायला पहिलीच्या पोरांमध्ये मांडी घालून बसली होती. ती त्यांच्यात सगळ्यांत उंच दिसत होती. तिनं पाटीवर ध काढला आणि मोठ्यानं घ म्हटलं. शेजारच्या चिमुरडीनं 'नाही' म्हणून मान हलवली. शिवांजलीनं पाटी पुसली आणि पुन्हा काढायला घेतला.