नव्या क्लचमागची जुनी रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रबराची रिंग आहे. गॅरेजमध्ये मला ऑइल सील म्हणतात. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की आपण किती कामाचे होतो हे आधी सांगायची पद्धत आहे. माझं मात्र तसं नाही. मला आधी कबुली द्यायची आहे. माझ्यामुळे एका निर्दोष बाईंवर आळ आला, आणि तो येत असताना मी मूग गिळून बसले होते.

माझी जागा तुम्ही कधी पाहिली नसेल. मोटारीचं इंजिन जिथे संपतं आणि गियरबॉक्स सुरू होतो, तिथे एक जाड लोखंडी दांडा बाहेर येतो. त्या दांड्याला मिठी मारून मी बसलेली असते. माझ्या एका बाजूला इंजिनाचं गरम तेल, दुसऱ्या बाजूला क्लचची प्लेट. प्लेट घट्ट धरून राहिली तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. तिला तेल लागलं की साबणावर पाय पडावा तशी ती घसरते. म्हणून माझं काम एवढंच, या बाजूचा थेंब त्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. माझं कौतुक म्हणजे माझं नाव कुणाच्याही तोंडी न येणं. अकरा वर्षं ते आलं नाही.

ती गाडी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांची होती. शिकाऊ पायांनी तिचे काय हाल केले असतील ते विचारू नका. कुणी क्लच असा सोडायचं की सगळी गाडी बेडकासारखी उडी मारायची. मी सगळं सोसलं. पण उष्णतेनं माझी कड हळूहळू टणक झाली आणि टाचेला पडते तशी तिला एक बारीक भेग पडली. मला ते कळत होतं. इतर कुणाला कळायचं कारण नव्हतं.

मग एके दिवशी इंजिन आतून ठोकल्यासारखा आवाज करू लागलं आणि गाडी मास्तरांच्या भाऊजींच्या गॅरेजात गेली. साखळीला लटकवून त्यांनी इंजिन बाहेर काढलं. हे दोन दिवसांचं काम. पण एकदा इंजिन खाली उतरलं की एरवी हात न पोहोचणाऱ्या सगळ्या वस्तू समोर येतात. म्हणून भाऊजींचा नियम होता, त्याच खेपेला क्लचची प्लेट, तिचं बेअरिंग, पाण्याचा पंप, इंजिन ज्यावर टेकतं ते रबर आणि मी, असं सगळं बदलून टाकायचं. यात सगळ्यांत स्वस्त मी. पण मला एकटीला बदलायचं म्हटलं तर पुन्हा अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

नवीन वस्तू आल्या. बाकी सगळं बरोबर होतं, फक्त माझ्या जागी यायची ती रिंग दुकानदाराने दुसऱ्याच मापाची दिली होती.

"सोमवारी बदलून आणतो," भाऊजी म्हणाले.

"सोमवार? भाऊजी, शिकवण्या बंद पडल्यात. लोक दुसरीकडे जातील. या जुन्या रिंगला काय धाड भरलीय? बघा तरी जरा."

भाऊजींची परीक्षा साधी असते. रबरावर अंगठ्याचं नख दाबायचं. खूण लगेच भरून आली तर रबर जिवंत, नाही आली तर मेलं. पण एरवी ते आधी नख लावतात आणि मग धुतात. त्या दिवशी घाईत उलट झालं. मी ज्या लोखंडी कड्यात बसते त्याच्यासकट मला रॉकेलमध्ये बुडवून काढलं आणि मग नख लावलं. रॉकेल प्यायलेलं रबर थोडा वेळ फुगतं, मऊ लागतं. खूण भरून आली. माझी भेगही फुगून मिटली.

"चालेल," भाऊजी म्हणाले.

खरं सांगू? मला हुश्श झालं. कोपऱ्यातल्या डब्यात जुन्या प्लेटबरोबर मला पडायचं नव्हतं. मी मनात म्हटलं, अजून दोन-चार वर्षं ढकलू. माझ्या शेजारी नवी कोरी प्लेट बसवली गेली आणि इंजिन परत गाडीत गेलं.

त्याच आठवड्यात एक काकू शिकायला आल्या. कपडे शिवायचं काम करायच्या. वय छप्पन्न. त्यांच्या नवऱ्याची दृष्टी मंद होत चालली होती आणि त्यांची गाडी दारात नुसती उभी होती. नवरा म्हणाला होता, "तू शिकलीस तर गाडी राहू दे. नाहीतर चालवणाऱ्याच्या घरी जाऊ दे, उभी राहून गंजायला नको." हे काकूंनी पहिल्याच दिवशी मास्तरांना सांगितलं. गाडीत बोललेलं सगळं गियरच्या दांड्यातून खाली येतं, म्हणून मलाही कळलं.

काकूंचा पाय फार चांगला होता. एवढ्या वर्षांत इतका समजूतदार पाय मी अनुभवला नव्हता. क्लच असा अलगद सोडायच्या की प्लेटला कळायचंही नाही कधी पकडलं ते. मास्तर म्हणायचे, "काकू, तुम्ही आधी कुठे शिकलात का?"

"पायमशीनवर," काकू म्हणायच्या. "चाळीस वर्षं."

महिनाभर असं छान चाललं. मग रॉकेलचा गुण उतरला आणि माझी भेग उघडली. सकाळी इंजिन गार असायचं तोवर मी कशीबशी तग धरायची. काकूंची वेळ शेवटची, चार जणांनंतरची. तोपर्यंत तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि माझ्या भेगेतून एकेक थेंब नव्या प्लेटवर जायचा. शिवाय चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायचा सराव तेव्हा फक्त काकूंचाच चालला होता, कारण त्यांची परीक्षा जवळ आली होती. सपाट रस्त्यावर प्लेट निभावून न्यायची. चढावर मात्र इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. जळका वास यायचा.

"काकू, पाय! क्लचवरून पाय काढा पूर्ण!"

"काढलाय हो."

"मग वास कसला येतोय?"

"मास्तर, आत काहीतरी घसरतंय. पट्टा सैल झाला की मशीन असंच करतं."

"प्लेट नवी आहे, काकू. महिना झाला बसवून. दोष पायाचाच आहे. वय झालं की पाय जड होतो, त्यात लाजायचं काय."

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर? पण असतं तरी मी उघडलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. प्लेट नवी होती, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. तिच्या मागे लपायला मला आयतीच जागा मिळाली. पुढच्या दिवसांत तो समजूतदार पाय क्लच सोडतानाच बिचकू लागला. मला ते बिचकणं वरून खाली येताना जाणवायचं आणि लाज वाटायची, पण थेंब काही थांबत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर लांब रांग होती. तासभर इंजिन चालू. काकूंचा नंबर आला तेव्हा तेल उकळत होतं. चढावर त्या थांबल्या, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. इंजिन ओरडलं आणि गाडी दोन हात मागे आली. परीक्षकाने कागदावर फुली मारली. उतरताना काकूंनी दार फार हळू लावलं.

दोन आठवड्यांनी मास्तर स्वतः चढ चढत असताना गाडी मागे आली. तेव्हा कुठे इंजिन पुन्हा उतरलं. भाऊजींनी प्लेट हातात घेतली. काळी, तेलाने निथळणारी. मग माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचं नख भेगेत अडकलं.

"मी धुतल्यावर नख लावलं होतं," ते हळूच म्हणाले. "चुकलंच माझं."

मास्तरांनी वाकून ती भेग पाहिली. "घाई मी केली, भाऊजी. आणि मी त्या बाईंना काय काय बोललो."

त्यांनी मला पुसलं, खिशात टाकलं आणि थेट काकूंचं घर गाठलं. दारात पत्र्याची शेड होती. शेडमध्ये काही नव्हतं. फक्त जमिनीवर चार चाकांच्या जागा दिसत होत्या.

"गेली परवाच," काकू मशीन थांबवून म्हणाल्या. "मीच म्हटलं, विकून टाका. माझा पाय जड झालाय. मास्तर खोटं कशाला सांगतील?"

मास्तरांनी मला काकूंच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. काकूंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, उसवलेली शिवण पाहतात तसं. मी रागाची वाट पाहत होते. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"बरोबर होता, काकू. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही."

काकू आतल्या खोलीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? माझा पाय बरोबर होता!"

"मला काय सांगतेस," आतून आवाज आला. "मी चाळीस वर्षं ऐकतोय की तुझं मशीन."

पुढे मास्तरांनी काकूंना पुन्हा परीक्षेला नेलं आणि या वेळी त्या सहज पास झाल्या. पण दारातली गाडी परत आली नाही. ज्याने घेतली तो ती घेऊन दूरच्या गावी निघून गेला होता.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. इंजिन खाली उतरलेलं असतं, तेव्हा स्वस्त आणि लहान वस्तूंना 'चालेल' म्हणून परत बसवू नका. आणि कुणी सांगितलं की काहीतरी घसरतंय, तर सांगणाऱ्याचं वय पाहण्याआधी एकदा वाकून बघा.

काकूंनी मला फेकलं नाही. मी आता त्यांच्या बटणांच्या डब्यात आहे. माझ्या शेजारी त्यांचं लायसन्स आहे, कोरं करकरीत, कधी न वापरलेलं. मशीन सुरू झालं की डब्यातली सगळी बटणं एका तालात थरथरतात. मी दिवसभर ऐकत असते. एकही टाका घसरत नाही. त्या पायाला मी खोटं पाडलं.