सूनबाईची गोळी

मी अर्धीच आहे, तरी बोलतेय. पोटातला मुरडा थांबवणाऱ्या गोळ्यांची मी स्ट्रिप. मेडिकलवाल्यानं मला कात्रीनं मधोमध कापलं. नाव आणि मुदत छापलेला तुकडा त्यानं खणात टाकला आणि मला पुडीत भरलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मला घरी आणलं ते बस स्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या एका बाईनं. तिला आयबीएस होता. म्हणजे आतडंच चिडकं. जरा ताण आला, खाण्यात फरक पडला की पीळ पडलाच. समोर ही रांग, उठायची सोय नाही. टेबलाची कड घट्ट धरून ती हसत विचारायची, "कुठलं तिकीट?"

बाई मोठी गुणाची. डॉक्टरांनी सांगितलं तशीच मला घ्यायची. दुखेल तेव्हाच, जेवणाआधी, आणि रोजची सवय लावून न घेता. तोंडाला कोरड पडायची म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवायची. आमचं छान जमलं होतं. वाटायचं, जन्माचं सार्थक झालं. कसलं सार्थक नि कसलं काय!

घरात ती, नवरा आणि सासरे. सासऱ्यांची प्रोस्टेट वाढलेली, लघवी अडखळत व्हायची. कुणालाच पत्ता नव्हता. मला कळलं, कारण मला ठेवलेला औषधांचा डबा बाथरूमच्या भिंतीलगतच्या फळीवर होता. आत ते किती वेळ ताटकळत उभे राहायचे ते मला ऐकू यायचं. मुलाला सांगायची लाज, तिथे सुनेला काय सांगणार?

एका रविवारी नवरा परगावी गेला होता. जेवणानंतर सासऱ्यांच्या पोटात कळ आली. "तुझी ती गोळी दे गं एक," ते म्हणाले. तिनं मायेनं दिली. कळ थांबली, दोघांनाही बरं वाटलं.

पण मी आतड्याची पकड सैल करते, तसा मूत्राशयाचाही जोर काढून घेते. प्रोस्टेट वाढलेल्यानं, काचबिंदू असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या वाटेला जायचं नसतं. मला हे ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळपर्यंत लघवी पार बंद झाली. ओटीपोट टम्म फुगलं. सासरे घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होते.

"काय होतंय बाबा?"

"पोट दुखतंय."

एवढंच बोलले. "अजून थांबलं नाही?" म्हणत तिनं माझ्यातली दुसरी गोळी फोडली. नको गं बाई, नको, असा माझा जीव आतल्या आत तुटत होता.

शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. नर्सनं विचारलं, "कोणती गोळी दिलीत?" तिनं मला पुढे केलं. नर्सनं मला उलटसुलट करून पाहिलं. "अहो, यावर नावच नाही."

लघवीची नळी घातली तेव्हा कुठे सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीचा त्रास कधीपासून आहे?" सून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी भिंतीकडे मान फिरवली.

आता नळी आणि पिशवी घेऊन ते घरी आहेत. ऑपरेशनचं बोलणं चाललंय. खोलीबाहेर येत नाहीत. आणि तिनं मला हात लावणंच सोडलंय. मला बघितलं तरी तिचे डोळे भरतात. अगं, मी तुझ्यासाठीच दिलेली होते, तुला चालत होते. दुसऱ्याला देऊ नये, एवढंच होतं. जा की डॉक्टरांकडे, विचार. माझी मुदत मलाही ठाऊक नाही, तेव्हा मला टाकून दे आणि नवी घे. पण अशी सोसत बसू नकोस. कुणाला ऐकू जातंय?

आज सकाळी कामावर निघताना तिला कळ आली. दारातच ती पोट धरून वाकली.

"दुखतंय का गं?" सासऱ्यांनी आतून विचारलं.

"नाही बाबा," ती म्हणाली, "चप्पल घालतेय."