पुण्याला निघालेला जिताडा

खाडीचा ताजा जिताडा घाट चढवून पुण्याच्या बाजारात पोचवायचा, हे रंभाने मनावर घेतलं होतं. खाडीकाठच्या कोळणींची मंडळी तिच्या शब्दावर चाले. मासळी मंडळीची, बर्फ पनवेलच्या धर्मराजशेटच्या कारखान्याचा. पहिली खेप मऊ पडली. दुसरी दगड झाली, डोळे चुन्यासारखे पांढरे. पुण्याच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला, आणखी एकदा बघतो, मग लॉरी बंद. लॉरी बंद म्हणजे बायकांनी पुन्हा मासळी वाळत घालायची आणि पडेल त्या भावाने विकायची.

"बर्फात काय घातलंत?" धर्मराजने विचारलं.

"मीठ. मिठाबिगर मावरं टिकतं का कुटं?"

"रंभाबाई, मीठ घातलेल्या बर्फात आइस्क्रीम गोठवतात."

"मंग आमी पुन्याला आइस्क्रीम धाडलं म्हना. आनि तुमी? उशीएवढी लादी दिलीत. खालचं मावरं चेपलं, बाजूचं तापलं. पयली खेप तुमची, शेट."

लाद्या फोडायला धर्मराजने दातेरी रूळ बसवला. बर्फ तांदळाच्या कणीसारखा झरू लागला. रंभाने बुरुडाकडून पाटीत पाटी बसवून घेतली. मधल्या फटीत धर्मराज लाकडाचा भुसा म्हणे, ती म्हणे त्याचा वास मावऱ्याला लागंल. मग भातगिरणीतला तूस, भाताची टरफलं, आला. तूस भिजू नये म्हणून त्याने आतून मेणकापड शिवून घेतलं.

पाट्या भरताना बायकांनी गाणंही जुळवलं:

बर्फाची गं कणी, मोगऱ्याची कळी
घाट चढून जाते खाडीची मासोळी

या खेपेला दोघंही लॉरीतून गेली.

पुण्यात व्यापाऱ्याने जिताड्याचा कल्ला उचलला. आत जास्वंद फुललेली. डोळा इतका नितळ की त्यात त्याची टोपी दिसावी. त्याने मासा हलकेच खाली ठेवला.

"रोज पाठवा," तो म्हणाला. "डोकं कुणाचं हे?"

धर्मराजने रंभाकडे बोट केलं.

"अर्धं यांचं," ती म्हणाली. "भांडन मातर पुरतं माजं."

एवढं बोलून ती वाकली आणि रिकाम्या पाटीचं बूड चाचपू लागली.

"शेट, तूस वला झालाय. शिवनीतून गळतंय."

"शिवण नको मग. एकसंध कापड घेऊ."

"कोपऱ्यात घडी पडंल."

"चला, लॉरीत भांडू," धर्मराज म्हणाला, आणि पाटीची एक बाजू त्याने उचलली.