मातीचा सेनापती, थर्माकोलची टेकडी

मित्रांनो, या भूमीवर जे मोजके महान सेनापती होऊन गेले, त्यांच्यापैकी मी एक जुना सेनापती आहे. माझी उंची साडेतीन इंच आहे. माझं सेनापतीपद एक रविवार टिकलं. एरवी मी दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आहे.

माझा जन्म पेणकडच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाला. एका मोठ्या मूर्तीचा कान करून उरलेल्या शाडूचा मी झालो. त्यामुळे मला लहानपणापासून ऐकू फार स्वच्छ येतं. मला भट्टीत भाजावं असं कुणाला वाटलं नाही. उन्हात वाळवलं, रंग दिला, मिशी काढली, हातात काडीचा भाला दिला आणि विकायला ठेवलं. लोधिवलीच्या जनाआत्यांनी मला घरी आणलं आणि अंगणातल्या किल्ल्याच्या दरवाजावर उभं केलं.

नोकरी सोपी होती. उभं राहायचं. विटा, पोतं आणि चिखल यांच्या त्या किल्ल्यावर शत्रू कधी आला नाही. एकदा कोंबडी आली होती. त्या लढाईबद्दल मी बोलत नाही. भाला तेव्हाच गेला.

आमच्या किल्ल्यावर हळीव पेरलेले असत. ते उगवावेत म्हणून रोज सकाळी आत्या पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि लांबूनच हाक द्यायच्या, "मावळे उचला गं, पाणी येतंय." मग त्यांची भाची हर्षला धावत यायची, आम्हाला एकेक करून पायरीवर ठेवायची, आणि त्यानंतर आत्या पाणी शिंपडायच्या. त्या खाली बघायच्या नाहीत. हाक मारली की मावळे उचलले जातात, हा त्यांचा अनुभव होता. मित्रांनो, मी कच्च्या मातीचा. त्या हाकेवर माझं आयुष्य उभं होतं.

हर्षला मोठी झाली. साजगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. आणि मग तिला एका खेळाचा नाद लागला. यात बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांची फौज असते. ती स्वतः रंगवायची, टेबलावर मांडायची, टेपने अंतर मोजून पुढे सरकवायची आणि फासे टाकून लढवायची. कोण जिंकलं ते ठरवायला पंच असतो. हे सगळं मोठी माणसं करतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या पाठीला बारीक तडा गेला. तो अजून आहे.

दिवाळी संपली, किल्ला मोडला, आणि त्या रविवारी कर्जतच्या एका मंगल कार्यालयात या खेळाची स्पर्धा होती. निम्मे खेळाडू मुंबईचे, निम्मे पुण्याचे, म्हणून मध्ये कर्जत. जो शेवटची लढत जिंकेल त्याला बेंगळुरूला जाणाऱ्या संघात जागा होती. हर्षला आजवर त्या संघाबरोबर राखीव म्हणून जात आली होती. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळणारी. यंदा तिला पिशव्या सांभाळायच्या नव्हत्या.

निघताना आत्यांनी मला रुमालात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत टाकलं.

"आत्या, याला कशाला?"

"घरचा पहारेकरी असू दे गं. परक्या गावात फौज नेतेस."

"कर्जत परकं गाव आहे?"

"जंक्शन हाय ते. तिथं कोण कुठला, काय कळतं?"

स्कूटरवर हर्षला पुढे, आत्या मागे, मी पिशवीत. वाटेत एक खड्डा लागला. कार्यालयात जाऊन हर्षलाने फौजेचा डबा उघडला, तर तिचा प्लास्टिकचा सेनापती कमरेत तुटून दोन ठिकाणी पडला होता. सेनापतीशिवाय फौज उतरवता येत नाही, असा नियम. हर्षला डब्यात बघत नुसती उभी राहिली. आत्यांनी रुमाल सोडला.

"हा सेनापती आहे की बसस्टॉप?" डोंबिवलीच्या राकेशने विचारलं. तो स्पर्धेतला सगळ्यात अनुभवी खेळाडू. त्याचे सैनिक माझ्या गुडघ्याला लागत होते.

पंच नवनाथ यांनी नियमांची पानं उलटली. "उंचीबद्दल काही लिहिलेलं नाही."

"सर, मिशी पण अर्धीच आहे."

"मिशीबद्दलही नाही."

असा मी सेनापती झालो.

मित्रांनो, त्या दिवशी मी जे पाहिलं त्याने मी सुन्न झालो. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाचं 'शुभविवाह' अजून फुलांत लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली जिकडे तिकडे कत्तल चालली होती. शत्रू शत्रूला विचारत होता, "आता मी हल्ला करू ना?" आणि समोरचा म्हणत होता, "हो, हो, करा की." लोक शत्रूची टेप मागून घेऊन त्याच्यावरच चाल करत होते. सगळ्यात मोठा धक्का मेलेल्यांनी दिला. मेलेले सैनिक डब्यात जायचे आणि पुढच्या लढतीला तोच चेहरा घेऊन परत यायचे. मी इतकी वर्षं जिवाला जपून उभा होतो ते उगीचच, असं वाटून गेलं.

त्या कार्यालयात एकच नियम सगळ्यांना पाठ होता: आडवा तो मेला. मागच्या वर्षी कुणाचा धक्का लागला यावरून भांडण झालं होतं, म्हणून नवनाथ सरांनी तो केला होता. सैनिक कशानेही पडो, कुणाच्याही हाताने पडो, तो मेला.

सकाळच्या लढती हर्षलाने जिंकल्या. शेवटची लढत राकेशशी. सुरुवातीलाच तिचा एक तिरंदाज कलंडला.

"पंख्याने पडला रे तो," हर्षला म्हणाली.

"पंखा काय माझ्या बाजूने खेळतो? नियम म्हणजे नियम."

तिरंदाज डब्यात गेला.

मी टेबलाच्या मधल्या टेकडीवर होतो. टेकडी थर्माकोलची, वर भुशाचं सुकं गवत चिकटवलेलं, नुसती टेबलावर ठेवलेली. राकेशची फौज हाडांच्या सांगाड्यांची होती. ती सगळीच्या सगळी चहूबाजूंनी टेकडी चढत आली. त्याचा मुकुटवाला सेनापती माझ्या पोटाशी येऊन उभा राहिला. एवढ्यात आचाऱ्याने सांगितलं, पुऱ्या थांबणार नाहीत. युद्ध तिथेच सोडून सगळे जेवायला गेले.

दालन रिकामं झालं. जनाआत्या हात धुऊन, बाटली घेऊन आल्या. त्यांनी टेकडीकडे पाहिलं.

"काय बाई, गवत पार करपलंय. एवढी शिकलेली माणसं, नि पाण्याचं एकाला सुचलं नाय."

त्यांनी सवयीप्रमाणे हाक दिली, "मावळे उचला गं, पाणी येतंय."

मी वाट पाहिली. समोरचा मुकुटवालाही पाहत असावा. कुणी आलं नाही.

आत्यांनी पाणी शिंपडलं.

सांगाड्यांचं काय, ते अंघोळ करून उजळ झाले. माझी उरलेली मिशी गळ्यात आली. पावलांचा चिखल झाला आणि टेकडीच्या भुशात मुरला. वरून पंखा होताच. जेवणं होईपर्यंत मी वाळून टेकडीला घट्ट बसलो.

लोक परत आले. फासे पडले. त्या चकमकीत राकेश जिंकला. त्याचा अर्थ, हरलेल्या सेनापतीने, म्हणजे मी, वीतभर मागे सरायचं. हर्षलाने मला बोट लावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हा चिकटलाय. ओढला तर पायातून तुटेल."

"तुटला तर मेला," राकेश म्हणाला. "नाही सरकवलास तर हरलीस."

हर्षलाने टेबलाकडे पाहिलं, मग आत्यांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. आत्या हळूच म्हणाल्या, "अगं, मी हाक मारली होती."

"मी नाही ओढणार," हर्षला म्हणाली. "लहानपणी पाणी यायच्या आधी याला मीच उचलायची. बेंगळुरू गेलं तर गेलं. पिशव्या आहेतच."

मित्रांनो, मी सेनापती होतो. सेनापतीने अशा वेळी काहीतरी करायचं असतं. मला एकच काम येतं. ते मी करत राहिलो.

"थांब, मी सरकवतो," असं म्हणून राकेशने माझं डोकं चिमटीत धरलं आणि उचललं. मी वर गेलो. माझ्याबरोबर टेकडीही वर गेली. आणि टेकडीवरचे सगळे सांगाडे, मुकुटवाल्यासकट, घरंगळत खाली जाऊन टेबलावर आडवे झाले. त्याच्या फौजेत उभं कुणी उरलं नाही. मी हवेत होतो, पण ताठ उभा होतो.

नवनाथ सरांनी चष्मा पुसला. "आडवा तो मेला," ते म्हणाले.

"अहो सर, टेकडी वर आली."

"टेकडी काय माझ्या बाजूने खेळते?" हर्षलाने विचारलं.

राकेशने टेकडी जपून खाली ठेवली. "सर, हा नियम बदला."

"पुढच्या वर्षी."

"आत्या, खरं सांगा, पाणी कुणी घातलं?"

"सुकलं होतं रं, म्हणून घातलं. तू पुऱ्या खाल्ल्यास का नीट?"

हर्षला बेंगळुरूला गेली, खेळायला. तिने नवा प्लास्टिकचा सेनापती नेला. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. नवनाथ सरांनी टेकडी आम्हाला देऊन टाकली, कारण ती माझ्यापासून सुटत नव्हती. आता मी टेकडीसकट घरच्या कपाटावर असतो.

तेव्हा मित्रांनो, कच्च्या मातीच्या माणसांना जपा. पाणी घालण्याआधी हाक जरूर मारा, पण हाकेला कुणी आलंय का, ते एकदा वळून बघा. मी फौजा पाहिल्या, विजय पाहिला, मला आता कशाचीही हाव नाही. फक्त कपाटावर ठेवताना माझं तोंड भिंतीकडे झालं आहे. संध्याकाळच्या मालिकेत एक सून घर सोडून गेली, एवढं मला आवाजावरून कळलं. धाकटी की थोरली, ते कळत नाही. लोधिवलीला कुणी आलात, तर मला जरा टीव्हीकडे वळवून ठेवा.